पिनांचे पारिपत्य, मुक्काम दारणाकाठ

आधी नमन दारणेच्या पाण्यास, कीं ज्याविना कागद नाही. मग नमन रद्दीस, कीं जिच्याविना पाण्यास काम नाही. आणि तिसरे नमन साहेब लोकांस, कीं ज्यांच्याविना या दोहोंचा घोटाळा होत नाही. मागे मोठमोठ्या मोहिमा जाहल्या, हत्ती किती, घोडे किती, कोण पडला, कोण पळाला, सर्व दफ्तरी दाखल आहे. परंतु शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, नाशिक प्रांती, दारणेच्या काठी जो कागदाचा कारखाना आहे, तेथे पिनांनी जो दंगा केला आणि तो जसा मोडला, त्याची जी नोंद कारखान्याच्या दफ्तरी जाहली ती निखालस खोटी आहे, म्हणून खरी हकीकत साद्यंत लिहिणे प्राप्त जाहले. ज्यास वाचून राग येईल त्याने आधी आपल्या टेबलावरची पिनांची डबी पाहावी आणि मग रागवावे.

कारखाना देवळाली कॅम्पाच्या पलीकडे. कॅम्पातला तोफखाना सराव करी तेव्हा कारखान्याचे पत्रे खडखडत, आणि नवे लोक दचकून वर पाहत, जुने लोक पाहत नसत. तेथे मुलूखभरची रद्दी येई: कचेऱ्यांतल्या निकाल न लागलेल्या फायली, पोरांच्या उत्तरपत्रिका, लग्नपत्रिका, औषधांची खोकी, आणि या सर्वांस माणसांनी जागोजागी पिना टोचलेल्या. ती रद्दी प्रथम निवडाईच्या पडवीत नऊ बाया निवडीत, त्यांच्या मुकादम कुसाबाई, आणि मग ती पाण्याच्या मोठ्या हौदात पडून घुसळली जाई आणि तिचा लगदा होई. बायांच्या हातून ज्या पिना सुटत त्या बहुधा गठ्ठ्याच्या पोटात असत, लगदा होईतो दिसतच नसत, मग त्या वाळू आणि काचेचे तुकडे संगे घेऊन पुढे चाल करीत.

या फौजेस अडवावयास चोवीस क्लीनर उभे होते. क्लीनर म्हणजे काय, तर पुरुषभर उंचीचे उभे शंकू, वर रुंद, खाली निमुळते, बारा बारांच्या दोन रांगांत मांडलेले. पाण्यात पातळ केलेला लगदा वरच्या अंगाने तिरका आत शिरे आणि गरगर फिरू लागे, आणि त्या फेऱ्यात जे जड ते भिंतीस लागून घसरत खालच्या टोकाशी येई आणि तेथून गटारीत पडे, आणि जे हलके ते मधोमध वर चढून कागदाच्या यंत्राकडे रवाना होई. जड ते खाली आणि हलके ते वर, हा क्लीनरचा कायदा. कचेरीतही हाच कायदा चाले, भेद इतकाच कीं क्लीनरमध्ये खाली पडे तो कचरा असे.

या चोवीस शंकूंचे किल्लेदार सावळीराम ताजनपुरे, राहणार चेहेडी, वय वर्षे सत्तावन, पैकी एकवीस वर्षे याच जागी तैनात. यांस ना मनसब ना खुर्ची, बसावयास रंगाचा एक रिकामा डबा उलटा घातलेला होता. परंतु डोळे मिटून शंकूवर तळहात ठेविला कीं त्यांस आतला मजकूर कळे. चालता शंकू हातास थरथरे, तुंबला कीं मुका होई, आणि मग सावळीराम त्याच्या टोकाखालचे छोटे चाक फिरवून वाट पुरी उघडीत, सळई घालून घाण मोकळी करीत, आणि शंकू पुन्हा बोलू लागे. ही विद्या कोठल्या पुस्तकात नव्हती, म्हणून कचेरीच्या लेखी ती विद्याच नव्हती.

कारखान्याचे सुभेदार दीपकराव साहेब, आठ महिन्यांमागे पुण्याहून रुजू जाहलेले. त्यांस लगद्याचा वास सोसवत नसे, म्हणून ते लगद्याचा कारभार काचेच्या खोलीतून पाहत, आणि ज्या गोष्टी काचेतून दिसत नसत त्या नाहीत ऐसे धरून चालत. शर्ट नित्य पांढरा. बोलण्यात दर चार शब्दांमागे एक आकडा, आणि तो आकडा कोठून आला हे विचारावयाची कोणाची छाती नसे.

तो खंडेनवमीचा दिवस उगवला. हत्यारांची पूजा, म्हणून श्रीमंत मालकसाहेब स्वतः आले, आणि वहिनीसाहेब येवल्याची अंजिरी पैठणी नेसून आल्या. पूजेची सतरंजी क्लीनरांच्या रांगेसमोर घातली, कारण साऱ्या कारखान्यात वारा लागतो ती जागा तीच. परंतु तेथूनच ती काळी गटार वाहे आणि तिचे शिंतोडे उडत. दीपकराव साहेबांची नजर एकदा गटारीवर आणि एकदा पैठणीवर गेली आणि त्यांच्या कपाळास घाम आला, आणि तत्काळ हुकूम सुटला कीं चोवीसही चाके बंद करावी, पूजा होईतो एक थेंब खाली पडता कामा नये. सावळीरामांनी चाके बंद केली, गटार धुतली, मग आपल्याच हातांनी चोवीस चाकांस नाडाछडीचे सात सात वेढे दिले, हळदकुंकू लाविले, झेंडूच्या माळा घातल्या, आणि हात जोडून उभे राहिले.

पूजा आटोपली आणि पेच उभा राहिला. पूजलेल्या हत्यारास दसरा होईतो हात लावू नये ही चाल बापजाद्यांची, आणि यंत्र एक दिवसही थांबू नये हा हुकूम मालकांचा, कारण निफाडचे खोकेवाले निवृत्तीशेठ डाळिंबाच्या खोक्यांसाठी कागदाची वाट पाहत होते. मग काचेच्या खोलीत मसलत बसली, पेढे फिरले, आणि अर्ध्या घटकेने दीपकराव साहेबांनी निवाडा दिला कीं जे आपण होऊन फिरते ते फिरू द्यावे, आणि जे हाताने फिरवावे लागते त्यास हात लावू नये. म्हणजे यंत्र चालावे आणि चाके बंद राहावी. या निवाड्याने देवीही राखली आणि मालकही राखले, ऐसे म्हणून सर्वांनी टाळ्या पिटल्या, आणि लगद्याचा विचार त्या खोलीत एकानेही केला नाही. सावळीरामांनी तोंड उघडले होते, परंतु त्याच वेळी भटजींनी त्यांच्या हातावर तीर्थ दिले, ते त्यांनी प्राशन केले, आणि शब्द त्यासंगे पोटात गेला. खरे सांगावयाचे तर एक दिवस देवी सांभाळून घेईल ऐसे त्यांसही वाटले.

दसऱ्याचे सायंकाळी सूर्य कलला आणि सावळीराम नाडाछडी सोडावयास निघाले, तो साहेब आडवे आले. त्यांच्या हाती कागद होता आणि मुखावर तेज होते. दिवसभर गटारीत काही गेले नाही, जो लगदा आला तो सारा कागद होऊन निघाला, वजन वाढले, आणि हा जो लाभ एकवीस वर्षे गटारीतून वाहून जात होता तो आपण एका दिवसात रोखला, ऐसे त्यांनी जाहीर केले. सावळीरामांनी अर्ज केला कीं घाण खाली गेली नाही याचा अर्थ ती वर गेली, दुसरी वाट तिला नाही. त्यावर फर्मान निघाले कीं ही देवीची कृपा आहे, तीत खोट काढू नये, नाडाछडी कोणी सोडू नये, आणि सोडील तो बरतर्फ. क्लीनरांवर मोठा फलक लागला, शून्य कचरा, आणि खाली दीपकराव साहेबांचे नाव. सावळीराम नाडाछडी न सोडता माघारी फिरले. हे त्यांचे चुकले, आणि चुकले हे त्यांस त्याच वेळी ठाऊक होते.

पुढे शंकू एकामागून एक मुके होऊ लागले. शनिवारी सहा, रविवारी तेरा, आणि मंगळवारी सावळीरामांनी शेवटच्या शंकूवर हात ठेविला तो तोही गार. टोकांत वाळू ठासून बसली, आणि पिनांनी खालची वाट बंद पाहून वरचा रस्ता धरला, आणि लगद्याबरोबर डामडौलाने कागदाच्या यंत्रावर दाखल जाहल्या. कागदास काळे ठिपके पडले, ठिपक्यांची भोके जाहली, भोकांतून कागद फाटला, आणि एका दिवसात चार वेळा यंत्र थांबले. प्रयोगशाळेच्या तेजस्विनीबाईंनी कैफियत लिहून दिली कीं घाण सहापट वाढली आहे, त्यावर शेरा पडला कीं बाईंनी आपला चष्मा तपासून घ्यावा.

बुधवारी निफाडाहून निवृत्तीशेठ आले ते स्टीलची डबी घेऊन. डबीत पिना. एकीने त्यांच्या यंत्राचे पाते गेले होते आणि दुसरी डाळिंबे भरणाऱ्या बाईच्या बोटात घुसली होती. ते टेबलावर डबी उपडी करून स्वस्थ बसले, चहाही घेतला नाही.

मग चौकशी बसली. बारा खुर्च्या, बिस्किटे, पडद्यावर आलेख, दोन तासांची मसलत, आणि त्यात क्लीनरांपर्यंत चालत जावे ऐसे एकाच्याही मनात आले नाही, अंतर मोजून साठ पावले. निवाडा ऐसा कीं पिना रद्दीतून येतात, रद्दी बाया निवडतात, सबब कसूर बायांची. सोमवारपासून नऊही जणींस घरी बसवावे, त्यांच्या जागी चुंबकाचा पट्टा आणावा, आणि ही तजवीज उद्या मालकसाहेब आणि निवृत्तीशेठ यांस जातीने दाखवावी. ज्यांनी पिना वेचल्या त्याच पिनांच्या धनी ठरल्या. ऐसा न्याय करावयास पुण्याहून माणूस आणावा लागतो, गावात तो सहसा मिळत नाही.

हुकूम पडवीत वाचून दाखविला. चहाच्या सुट्टीत कुसाबाई क्लीनरांपाशी आल्या. त्या साहेबांकडे गेल्या नाहीत, रडल्याही नाहीत. सावळीराम डब्यावरून उठून उभे राहिले. कुसाबाईंनी चप्पल काढली आणि पाऊल पुढे करून तळवा दाखविला. त्या नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी राहत, आणि निवडाईच्या पडवीतही अनवाणीच उभ्या असत, हे साऱ्या कारखान्यास ठाऊक होते.

"पाय बघा, सावळीरामभाऊ," त्या म्हणाल्या. "नऊ दिस त्या रद्दीत उभी व्हते. दोन पिना रुतल्या, दोनच. आम्ही येचलं नसतं तर ह्या पायाची चाळण झाली आसती. गठ्ठ्याच्या पोटात राहत्या त्या तुमच्याकडं येत्या, तुम्ही धरता, येकवीस वर्सं आसंच चाललं. मंग या आठ दिसांत त्या कुठं गेल्या, तेवढं सांगा."

सावळीरामांनी चाकांवरच्या नाडाछडीकडे पाहिले, झेंडू वाळून तपकिरी जाहला होता. कुसाबाईंनी चप्पल घातली आणि त्या गेल्या. त्या दिवशी सावळीरामांची भाकरी डब्यात तशीच घरी परत गेली. नऊ घरांच्या चुली आपल्या सात सात वेढ्यांत बांधल्या गेल्या, याची त्यांस शरम वाटली, आणि ती शरम साहेबांच्या भयापेक्षा मोठी निघाली.

आश्विन वद्य तृतीया, गुरुवार, दोन प्रहर. मालकसाहेब, निवृत्तीशेठ आणि दीपकराव साहेब ऐसे त्रिवर्ग शून्य कचरा या फलकाखाली येऊन ठाकले, मागे कचेरीची बारा माणसे. साहेबांनी बोट वर करून वजनाचा आकडा सांगावयास आरंभ केला, तो सावळीराम पुढे आले, टोपी काढली, आणि मालकांसमोर उभे राहिले. हातात कुसाबाईंचा विळा होता, ज्याने पडवीत गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापीत तो. कचेरीची बारा माणसे एक पाऊल मागे सरली.

"मालक," ते म्हणाले, "ही नाडाछडी मी बांधली. सोडायची व्हती तवा सोडली नाय, भ्यालो. चूक माझी हाय. बायांची नाय."

आणि विळा घालून त्यांनी पहिला वेढा कापला. दीपकराव साहेब गरजले कीं हा देवीचा अपमान आहे आणि या इसमास बाहेर काढावे, परंतु पहारेकरी मंगळू हे कुसाबाईंचे भाचे, त्यांस त्या वेळी ऐकू येईनासे जाहले. सावळीरामांनी तोडलेली नाडाछडी कपाळास लावून खिशात घातली, चाक पुरते उघडले, आणि खाली काहीच पडले नाही. एक थेंब नाही. दुसरे उघडले, तेही कोरडे. मग साहेब हसले, कचेरी हसली, आणि साहेबांनी मालकांस विनविले कीं पाहावे, आत कचरा नाहीच, हेच सेवक आठ दिवस सांगत आहे.

सावळीरामांनी सळई घेतली, गटारीत उतरले, शंकूच्या टोकाखाली पालथी मांडी घातली, कीं आता जे येईल ते प्रथम आपल्यावर यावे, आणि सळई वर घालून दणके द्यावयास लागले. एक, दोन, पाच, दहा. त्याच वेळी देवळालीकडे तोफांचा सराव सुरू जाहला आणि पत्रे खडखडले. अकराव्या दणक्यास आत काही हलले, शंकू गुरगुरला, आणि आठ दिवसांची वाळू, काच आणि पिना काळ्या चिखलासंगे ऐशा सुटल्या कीं सावळीराम डोक्यापासून पायापर्यंत दिसेनासे जाहले. गटारीच्या कडेवर आदळून जो फवारा उडाला तो थेट दीपकराव साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर गळ्यापासून पट्ट्यापर्यंत उमटला. कागदावर ठिपके नाहीत ऐसे म्हणणाऱ्यास ते आता स्वतःच्या छातीवर मोजता येऊ लागले.

गडबड ऐकून नऊही बाया घमेली घेऊन धावल्या. सावळीराम दणके देत, शंकू ओकत, बाया घमेली भरीत, आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत चोवीसही वाटा मोकळ्या जाहल्या. कचेरीच्या बारा जणांनी या युद्धात मोबाइलवर चित्रे काढण्याची कामगिरी पार पाडली. कुसाबाईंनी एक घमेले मालकांच्या पायांपाशी ठेविले. ते पिनांनी वरपर्यंत भरले होते, त्यात दोन खिळे, एक कुलपाची किल्ली आणि कोणाची तरी चांदीची जोडवी होती. मालकसाहेबांनी वाकून पाहिले. ते कारखान्याचे धनी असूनही क्लीनरमधून काय निघते हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

निवृत्तीशेठ मात्र घमेल्याकडे न पाहता साहेबांच्या शर्टाकडे पाहत होते. त्यांनी मालकांस कळविले कीं बाया आहेत तोवर आपण येथला कागद घेऊ, बाया गेल्या तर कोल्हापूरचा कागद बरा आहे, आणि तो स्वस्तही पडतो. मग मालकांस न्याय एका क्षणात सुचला. सोमवारचा हुकूम रद्द जाहला, चुंबकाचा पट्टाही बारगळला, आणि क्लीनरांच्या चाकांस यापुढे सावळीरामांवाचून कोणी हुकूम करू नये ऐसे ठरले.

आता कारखान्याच्या दफ्तरी काय दाखल आहे तेही लिहितो. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला कीं दीपकराव साहेबांच्या दूरदृष्टीने आखलेली क्लीनर शुद्धी मोहीम यशस्वी जाहली, खाली साहेबांचे घमेल्यासंगे चित्र, नव्या पांढऱ्या शर्टात. दिवाळीस त्यांस बढती मिळोन ते मुख्य कचेरीत, सातव्या मजल्यावर गेले. क्लीनरचा कायदा लिहिणाराने वर सांगितलाच आहे. सावळीरामांस लेखी ठपका मिळाला, कीं पूजेची नाडाछडी विनापरवाना कापली. तो ठपका त्यांनी वाचला, घडी केली आणि निवडाईच्या पडवीत रद्दीच्या गठ्ठ्यात टाकला, परंतु टाकण्यापूर्वी त्यास लाविलेली पिन आपल्या हाताने काढून घेतली.

सोमवारी सकाळी सहाच्या पाळीस नऊही जणी कामावर रुजू जाहल्या. पडवीत जाण्याआधी त्या ओळीने क्लीनरांपाशी आल्या आणि कुसाबाईंनी पदराच्या गाठीतून आपट्याची पाने काढली, दसऱ्याची, पार वाळलेली. दसऱ्याचे दिवशी सावळीराम तोंड चुकवून परस्पर घरी गेले होते, कोणास सोने दिले नव्हते, कोणाचे घेतले नव्हते.

"घ्या भाऊ," कुसाबाई म्हणाल्या. "आमचा दसरा आज हाय."

सावळीरामांचे हात लगद्याने भरले होते, ते त्यांनी सदऱ्यास पुसले आणि पाने घेतली, आणि त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपविले नाही. पाने चुरली तरी नऊ जणींची नऊही त्यांनी डब्याखाली जपून ठेविली, मग नित्याप्रमाणे ते शंकूंच्या रांगेतून हात लावीत निघाले.

येणेप्रमाणे आश्विन शुद्ध नवमीस बंद जाहलेली वाट वद्य तृतीयेस उघडली, पिनांचा पाडाव जाहला, शिबंदी नऊच्या नऊ कायम राहिली, आपल्याकडील नुकसान एक पांढरा शर्ट. तोफा वाजल्या त्या सलामीच्या नव्हेत, पलटणीच्या सरावाच्या, हे खरे लिहिले पाहिजे. पुढल्या खंडेनवमीस नाडाछडी बांधणे ती उघड्या चाकास बांधणे, ऐसा दंडक सावळीरामांनी घातला आहे. लेखनसमयी चोवीसही शंकू हातास थरथरत आहेत, आणि घाण खाली जात आहे.